एका पैशानं अलीकडे, एका पैशानं पलीकडे

१९९४ सालची सप्टेंबरअखेरची सहामाही. तालुक्याच्या गावातल्या आमच्या शाखेत त्या वर्षी पहिल्यांदा संगणक आले होते. आले होते म्हणजे, मॅनेजरांच्या केबिनशेजारी प्लायवूडची एक खोली उभी राहिली, तिला एअरकंडिशनर बसला आणि चपला बाहेर काढून आत जायची प्रथा पडली. विश्वास मात्र कोणाचाच बसला नव्हता. म्हणून लेजर हातानंही लिहायची आणि तेच आकडे यंत्रातही भरायचे, अशी दुहेरी हमाली चालू होती. त्या रात्री बचत खात्यांच्या शिलकेची हातानं केलेली बेरीज आली २,१४,८१,००२ रुपये १५ पैसे. यंत्रानं छापून दिली ती उणे २,१४,६८,६७० रुपये ८१ पैसे. उणे! म्हणजे गावानं बँकेत पैसे ठेवलेलेच नव्हते, उलट बँकेचंच गावाकडे सव्वादोन कोटींच्या आसपास येणं होतं.

फरक शोधायचे बँकेतले तोडगे पिढीजात असतात. फरकाला नवानं भाग गेला तर कुठेतरी अंक उलटे पडलेत, ५४ चे ४५ झालेत असं समजायचं. नाहीतर फरक दोनानं भागायचा आणि आलेल्या रकमेचं व्हाउचर हुडकायचं. ते सापडलं, तर जमेची नोंद नावे बाजूला गेली आहे. आमचा फरक होता ४,२९,४९,६७२ रुपये ९६ पैसे. नवानं भाग जाईना. दोनानं भागला तर २,१४,७४,८३६ रुपये ४८ पैसे. एवढ्या रकमेचं व्हाउचर आमच्या शाखेत अजून जन्माला यायचं होतं. पहाटे तीनला शिपायानं चौथ्यांदा चहा आणला, तेव्हा आम्ही पेन्सिली खाली ठेवल्या.

दुसऱ्या दिवशी प्रोग्रॅम लिहिणाऱ्या कंपनीचा एक पोरसवदा मुलगा आला. त्यानं आमचे दोन्ही आकडे पाहिले आणि तो चक्क हसला. त्यानं सांगितलं ते असं. रुपये-पैसे वेगळे न ठेवता यंत्र सगळ्याचे पैसेच करून मोजत होतं. मोजायला त्याच्याकडे एकतीस खटके, आणि अधिक की उणे हे सांगायला बत्तिसावा. पहिला खटका एकाचा, दुसरा दोनाचा, तिसरा चाराचा, असे दुप्पट होत गेलेले. बुद्धिबळाच्या पटावर घरोघर दुप्पट तांदूळ मागणाऱ्या शहाण्याची गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकली आहे. त्या पटाच्या पहिल्या एकतीस घरांत मिळून जेवढे दाणे बसतात, तेवढीच त्या यंत्राची झेप. २,१४,७४,८३,६४७. दोन अब्ज चौदा कोटी चौऱ्याहत्तर लाख त्र्याऐंशी हजार सहाशे सत्तेचाळीस. पैशांत मोजलं तर २,१४,७४,८३६ रुपये ४७ पैसे. त्यावर एक पैसा आला की बत्तिसावा खटका पडतो आणि जमेचं उणे होतं.

मुलानं दुरुस्ती केली, आमची सहामाही जुळली. मी मात्र तो आकडा खिशातल्या डायरीत उतरवून ठेवला. का, ते सांगता येणार नाही. बँकेतल्या माणसाला एका रात्रीत इतका छळणारा आकडा सहसा विसरता येत नाही.

२००१ मध्ये स्वेच्छानिवृत्ती घेतली, कादंबऱ्या लिहायला लागलो, आणि गणिताच्या इतिहासावरचं एक पुस्तक वाचताना तो आकडा पुन्हा समोर आला. यंत्राशी काहीही संबंध नसलेल्या जागी आला. १७७२ साली सेंट पीटर्सबर्गमधल्या एका जवळजवळ आंधळ्या म्हाताऱ्यानं या आकड्याला एक आणि तो स्वतः यांखेरीज कशानंही भाग जात नाही, असं सिद्ध केलं होतं. म्हाताऱ्याचं नाव लेओनार्ड ऑयलर. कॉलेजात आमचे सर त्याला युलर म्हणत आणि आम्ही परीक्षेपुरतं त्याचं सूत्र पाठ करत असू. तो माणूस होता, हे आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं. ज्ञानोबा-तुकोबांना आपण एकेरीत हाक मारतो, त्याच हक्कानं मी ऑयलरला अरे-तुरे करणार आहे.

ऑयलर जन्मला १५ एप्रिल १७०७ रोजी, स्वित्झर्लंडमधल्या बाझेलला. वडील धर्मोपदेशक. मुलानंही चर्चमध्येच जावं अशी त्यांची इच्छा, पण गणिताची गोडी त्यांनाही होती. तरुणपणी ते थोर गणिती याकोब बेर्नुली यांच्या व्याख्यानांना बसले होते. याकोबचा धाकटा भाऊ योहान हा त्या काळी युरोपातला पहिल्या रांगेतला गणिती, आणि तितकाच तिरसट. लेओनार्ड तेराव्या वर्षी विद्यापीठात गेला. योहाननं त्याला शिकवणी द्यायला साफ नकार दिला, पुस्तकांची नावं सांगितली आणि अडलेलं तेवढं शनिवारी दुपारी येऊन विचारायची मुभा दिली. आठवडाभर पोरगा खटपट करायचा ती शनिवारी कमीत कमी प्रश्न विचारावे लागावेत म्हणून. शेवटी गुरूनंच वडिलांची समजूत घातली आणि चर्चचा एक उमेदवार कमी झाला.

विसाव्या वर्षी तो रशियाला गेला. पीटर्सबर्गच्या नव्या अकादमीत योहानचा मुलगा दानियल आधीच होता, त्याच्या शब्दावर जागा मिळाली. ती होती शरीरशास्त्राची! १७२७ च्या मे महिन्यात ऑयलर पोचला, त्याच सुमारास अकादमीची पाठीराखी सम्राज्ञी पहिली कॅथरीन वारली आणि पगाराचीच शाश्वती उरली नाही. काही काळ त्यानं रशियन आरमारात वैद्यकीय लेफ्टनंट म्हणून नोकरी केली. पुढे १७३३ मध्ये दानियल मायदेशी परतला आणि गणिताची मुख्य खुर्ची ऑयलरकडे आली. पुढच्याच वर्षी त्यानं एका चित्रकाराची मुलगी कातारिना ग्झेल हिच्याशी लग्न केलं. तेरा मुलं झाली, बालपण ओलांडलं ते पाचांनी.

आमच्या आकड्याच्या कथेला सुरुवात होते ती १७२९ च्या डिसेंबरात, गोल्डबाख नावाच्या मित्राच्या पत्रानं. त्याआधी शंभरएक वर्षांपूर्वी फ्रान्समधला न्यायाधीश आणि हौशी गणिती फेर्मा यानं एक अंदाज केला होता. ३, ५, १७, २५७, ६५,५३७ या एका ठरावीक रीतीनं बनणाऱ्या संख्या, त्या सगळ्या मूळ संख्या, म्हणजे कशानंही भाग न जाणाऱ्या. याच रीतीनं पुढची संख्या येते ४,२९,४९,६७,२९७. फेर्माच्या म्हणण्याप्रमाणे तीही मूळ असायला हवी. गोल्डबाखनं सहज विचारलं, हे खरं का? ऑयलरनं आधी फारसं मनावर घेतलं नाही. नंतर घेतलं, आणि १७३२ मध्ये उत्तर दिलं की या संख्येला ६४१ नं भाग जातो, भागाकार ६७,००,४१७. एवढा मोठा फेर्मा चुकला होता. तेव्हा ऑयलरनं नुसतं उत्तर दिलं होतं, कारण सांगितलं काही वर्षांनी: या संख्येला भाग घालवणारी मूळ संख्या ६४ नं भागली तर बाकी १ च उरली पाहिजे. मग शोधायच्या उरतात १९३, २५७, ४४९, ५७७, ६४१. पाचव्या भागाकाराला फेर्माचा निकाल लागतो.

इथे मी पुस्तक मिटून कपाटातली जुनी डायरी काढली. आमच्या रात्रीचा फरक होता ४,२९,४९,६७२ रुपये ९६ पैसे. त्यात एक पैसा मिळवला की फेर्माची चुकलेली संख्या. तो निम्मा करून त्यातून एक पैसा काढला की ऑयलरनं म्हातारपणी पारखलेली संख्या. दोन्हीकडे एकच माणूस उभा, आणि त्या दोन कामांमध्ये त्याची चाळीस वर्षं.

त्या चाळीस वर्षांत त्यानं काय केलं हे सांगायला ही पुरवणी पुरणार नाही. मोजक्या गोष्टी सांगतो, त्याही बँकवाल्याला रुचतील अशा. शेकडा शंभर व्याज असेल आणि ते वर्षाअखेर न धरता सहामाही, मासिक, रोज, क्षणाक्षणाला मुद्दलात मिळवत गेलं, तर रुपयाचे वर्षाअखेर किती होतील? याकोब बेर्नुलीनं विचारलेला हा प्रश्न. व्याज कितीही वेळा धरा, दोन रुपये बहात्तर पैशांच्या पुढे गाडी जात नाही. त्या २.७१८२८... या संख्येला ऑयलरनं ई हे अक्षर दिलं, ते आजही चालतं. प्रशियाचा राजा फ्रीड्रिख यानं त्याला १७४१ मध्ये बर्लिनला बोलावून घेतलं आणि नव्वद आकड्यांतून पाच काढायच्या सरकारी लॉटरीत खजिन्याला कितपत धोका आहे, हेही त्याच्याकडून तपासून घेतलं. ऑयलरनं आजीव वर्षासनाचे हिशेबही मांडले. विमा आणि पेन्शन कचेऱ्यांत आजही बसणाऱ्या लोकांचा तो पूर्वज.

पण बर्लिनमध्ये तो रुळला नाही. फ्रीड्रिखला हजरजबाबी, फ्रेंच वळणाची, मैफल रंगवणारी माणसं लागत. ऑयलर पडला साधा, देवभोळा, संध्याकाळी घरच्यांना गोळा करून बायबल वाचणारा. १७३८ मध्येच पीटर्सबर्गला एका आजारपणात त्याचा उजवा डोळा गेला होता. नकाशे तपासण्याच्या कामानं तो गेला असं त्याला वाटे. त्यावरून राजा त्याला ग्रीक पुराणातल्या एकाक्ष राक्षसाच्या नावानं हिणवी. पंचवीस वर्षं ज्या अकादमीचा गाडा त्यानं ओढला, तिचं अध्यक्षपद रिकामं झाल्यावर राजानं ते दुसऱ्याला देऊ केलं. नोकरी केलेल्या कोणालाही यातलं दुखणं उलगडून सांगावं लागणार नाही. १७६६ मध्ये रशियाच्या दुसऱ्या कॅथरीनचं बोलावणं आलं आणि अठरा माणसांचं खटलं घेऊन तो पीटर्सबर्गला परतला. कॅथरीननं घराची सोय केली, वर स्वतःचा एक स्वयंपाकीही दिला.

परतल्यावर लगेचच उरलेल्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू वाढला. वय साठीच्या उंबरठ्यावर. माझ्या वयाच्या माणसाला इथे थोडं थांबावंसं वाटतं. आकडेमोड हाच ज्याचा श्वास, त्याला कागद दिसेनासा झाला. त्यानं बर्लिनहून आलेला शिंप्याच्या हाताखालचा एक मुलगा लेखनिक म्हणून घेतला आणि त्याला बीजगणितावरचं एक आख्खं पुस्तक तोंडी सांगितलं. सांगता सांगता त्या पोरालाच बीजगणित येऊ लागलं म्हणतात, आणि पुस्तक वाचलं की ते खरं वाटतं, इतकी त्याची चढण सोपी आहे. १७७१ मध्ये शहराला आग लागली, तीत ऑयलरचं घर जळालं. बाझेलचाच एक कारागीर, पेटर ग्रिम, शिडीवरून वर चढला आणि त्यानं आंधळ्या म्हाताऱ्याला खांद्यावर घालून खाली आणलं. हस्तलिखितं बहुतेक वाचली, ग्रंथसंग्रह गेला. त्याच वर्षी मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली. काही दिवस दिसलंही. मग डोळ्यात विकार भरला, असह्य वेदना झाल्या आणि उजेड गेला तो जवळजवळ कायमचा. काळ्या पाटीवर खडूनं काढलेली मोठाली अक्षरं तेवढी कळत.

आणि पुढच्याच वर्षी त्यानं बर्लिनला एक पत्र पाठवलं. ज्याला लिहिलं तो योहान बेर्नुली म्हणजे शनिवारच्या शिकवणीवाल्या गुरूचा त्याच नावाचा नातू. त्यात आमच्या आकड्याचा निकाल होता.

हा आकडा तोवर बदनाम म्हणावा असा होता. दोनाचा घात घ्यायचा आणि एक वजा करायचा, अशा संख्यांच्या मागे लोक युक्लिडच्या काळापासून लागलेले. त्यातली एखादी मूळ निघाली की तिच्यापासून एक परिपूर्ण संख्या बनते, म्हणजे आपल्या भाजकांच्या बेरजेइतकीच असलेली. सहा तशी आहे, एक अधिक दोन अधिक तीन. अठ्ठावीस तशी आहे. इटलीतल्या कातालदी यानं १६०३ च्या पुस्तकात सतरावा, एकोणिसावा, तेविसावा, एकोणतिसावा, एकतिसावा आणि सदतिसावा घात मूळ संख्या देतात असं सांगितलं. पहिले दोन त्यानं खरोखर तपासले होते. उरलेल्या चारांतले दोन फेर्मानं पाडले, एकोणतिसावा स्वतः ऑयलरनं पाडला. उरला एकतिसावा. साक्षीदार असा, की चारांपैकी तीन वेळा खोटा ठरलेला. १६४४ मध्ये मेर्सेन या फ्रेंच धर्मगुरूनंही आपल्या यादीत एकतीस घातला, पण त्या यादीतही पुढे चुका निघाल्या. तेव्हा कोणाच्या सहीवर विश्वास ठेवायचा?

सरळ हिशेब केला तर ४६,३४० पर्यंतच्या प्रत्येक मूळ संख्येनं भागून पाहायचं. त्या जवळपास चार हजार आठशे. ऑयलरचं मोठेपण मला वाटतं ते इथे: कुठले भागाकार करायचे नाहीत हे त्यानं आधी ठरवलं. एक छोटं उदाहरण देतो, वाचकांनी घाबरू नये. दोनाचा अकरावा घात वजा एक म्हणजे २,०४७. ही मूळ नाही, २३ गुणिले ८९ आहे. आता २३ आणि ८९ यांना अकराच्या दुपटीनं, बावीसनं, भागा. दोन्ही वेळा बाकी १. आठानं भागा. बाकी ७ किंवा १. हा योगायोग नाही, नियम आहे. घात एकतीस असेल तर भाजकाला ६२ नं भागून बाकी १ यायला हवी आणि आठानं भागून १ किंवा ७. दोन्ही अटी एकत्र केल्या की फक्त अशाच संख्या उरतात ज्यांना २४८ नं भागल्यावर बाकी १ किंवा ६३ उरते. पल्ल्याच्या आत अशा जेमतेम ३७२, त्यांतल्या मूळ तर शंभराच्याही आत. ऑयलरनं ४६,३३९ पर्यंतच्या सगळ्या तपासल्या. एकीनंही भाग गेला नाही. बदनाम साक्षीदार या एका बाबतीत खरं बोलला होता.

एवढी मोठी मूळ संख्या आधी कोणाच्या हाती लागलेली नव्हती, आणि पुढेही पाऊणशेहून अधिक वर्षं ती सर्वांत मोठी राहिली. १८११ मध्ये बार्लो नावाच्या इंग्रज गणितीनं लिहून टाकलं की हिच्यापासून बनणारी एकोणीस आकडी परिपूर्ण संख्या हीच शेवटची. ही नुसती करमणूक आहे, उपयोग काही नाही, तेव्हा पुढे कोण जाणार? बार्लोला माणूस कळला नव्हता. १८७६ मध्ये ल्यूकास या फ्रेंच गणितीनं एकशे सत्ताविसावा घात जिंकला. १८८३ मध्ये पेर्वुशिन नावाच्या रशियातल्या एका खेडेगावच्या पाद्र्यानं मेर्सेनच्या यादीतून निसटलेला एकसष्टावा शोधला. २०२४ च्या ऑक्टोबरात जाहीर झालेल्या मूळ संख्येत तर चार कोटी दहा लाखांहून जास्त अंक आहेत.

आणि उपयोगाचं म्हणाल, तर हा आकडा घराघरांत जाऊन बसला आहे. २०१४ च्या डिसेंबरात यूट्यूबवर गंगनम स्टाइल हे कोरियन गाणं पाहिलं गेल्याची संख्या याच आकड्यापलीकडे गेली. माझ्या नातीनं ते गाणं त्या संख्येत स्वतःची बरीच भर घालून पाहिलं आहे. १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद एकतीस खटक्यांवर मोजणारी जी जुनी यंत्रं उरतील, ती १९ जानेवारी २०३८ रोजी आपल्याकडे सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंद झाले की आमच्या शाखेतल्या यंत्रासारखीच उणे व्हायची आहेत. एक सांगायला हवं: यंत्राला या संख्येच्या मूळपणाशी देणंघेणं नाही, त्याला फक्त एकतीस खटके भरल्याचं कळतं. तीच संख्या दोन कारणांनी दोन ठिकाणी महत्त्वाची ठरावी, हा माझ्या दृष्टीनं गणितातला नव्हे तर कादंबरीतला योगायोग.

पत्रानंतर ऑयलर अकरा वर्षं जगला. १७७३ मध्ये कातारिना गेली. तीन वर्षांनी त्यानं तिच्याच सावत्र बहिणीशी लग्न केलं. बाझेलहून निकोलाउस फुस हा तरुण मदतनीस आला. म्हातारा सांगायचा, फुस आणि थोरला मुलगा लिहून घ्यायचे. दृष्टी गेल्यावर काम उलट वाढलं. दोन शिष्यांचं एका बेरजेत पन्नासाव्या दशांशस्थळी जुळेना, तेव्हा त्यानं सगळी बेरीज मनात करून चूक दाखवली, असं सांगतात. आमच्या सहामाहीला असा एक जण हवा होता.

१८ सप्टेंबर १७८३. त्या उन्हाळ्यात फ्रान्समध्ये पहिले फुगे आकाशात गेले होते. पाटीवर त्यांच्या चढण्याचं गणित मांडलेलं. दोन वर्षांपूर्वी सापडलेल्या युरेनसच्या कक्षेबद्दल जेवणावर बोलणं झालं. दुपारी चहा, नातवाशी खेळ, आणि मेंदूत रक्तस्राव. वय शहात्तर. त्यानं लिहून ठेवलेले निबंध अकादमी पुढची जवळजवळ पन्नास वर्षं छापत राहिली.

स्वित्झर्लंडनं १९७९ मध्ये दहा फ्रँकच्या नोटेवर त्याचं चित्र छापलं. २००० मध्ये ती नोट मागे घेतली गेली. माझ्याकडे एक आहे, एका जुन्या खातेदारानं दिलेली. बँकेत ती आता चालत नाही, टेबलाच्या काचेखाली चालते.

त्या टेबलावर मी रोज सकाळी चहाबरोबर एक भागाकार करतो. कॅल्क्युलेटर नाही, पेन्सिल. ताळा नात करते, तिला कॅल्क्युलेटरची मुभा आहे. ३११ नं भागलं तर बाकी ३५. १,३०३ नं भागलं तर २२६. काल १,४८९ झाला, बाकी १९९. उद्या २,५४३.